पीयूसीचा आकडा खरा कशावरून?

बीएस-४ (भारत स्टेज-४ हे प्रदूषण मानक) किंवा त्यानंतरची पेट्रोल मोटार जागेवर उभी आहे आणि इंजिन संथ चालू आहे. अशा वेळी तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड किती चालतो? जास्तीत जास्त ०.३ टक्के. हायड्रोकार्बन, म्हणजे न जळताच बाहेर पडलेले इंधन, दहा लाख भागांत २०० भागांपर्यंत चालते. कार्बन मोनॉक्साइड ०.२९ भरला तर गाडी पास, ०.३४ भरला तर नापास. फरक आहे एका टक्क्याच्या विसाव्या हिश्शाचा. धाराशिव, तुळजापूर, उमरगा किंवा कळंबच्या पीयूसी (पोल्युशन अंडर कंट्रोल) सेंटरवर टेबलावर ठेवलेली एक पेटी हा फरक ओळखते आणि तिच्या शब्दावर प्रमाणपत्र निघते.

ही पेटी म्हणजे गॅस ॲनालायझर. तिच्या पडद्यावर उमटलेला आकडा गाडीवालाही मान्य करतो, वाहतूक पोलीसही मान्य करतो. पण तो आकडा बरोबर आहे हे पेटीला कोणी शिकवले आणि ती शिकवण अजून तिच्या लक्षात आहे की नाही, हे कोण तपासते? या तपासणीचे नाव कॅलिब्रेशन. आजच्या बहुतेक यंत्रांत त्यातला मोठा भाग आपोआप होतो. एक बटण दाबले, किंवा न दाबताही, यंत्र स्वतःला जुळवून घेते. ही सोय चांगलीच आहे. मात्र यंत्र आपणहून काय तपासू शकते आणि काय तपासूच शकत नाही, हे समजून घेतले तरच पीयूसीच्या कागदावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवता येते.

धाराशिव जिल्ह्यात हा विषय रस्त्यावरच भेटतो. एमएच-२५ पाटीच्या गाड्या तर आहेतच. त्यात सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा अशी गावे गाठत जिल्हा उभा ओलांडतो, आणि पुणे-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग, उमरग्यावरून जातो. नवरात्रात तुळजापूरला आणि चैत्रात येरमाळ्याच्या येडेश्वरीला येणाऱ्या भाविकांच्या गाड्या, गळीत हंगामात उसाने भरलेले ट्रक आणि ट्रॅक्टर, रोजच्या एसटी, काळीपिवळी आणि असंख्य दुचाक्या. या सगळ्यांचा धूर रस्त्याकडेच्या टपरीवाल्याच्या, शाळकरी मुलांच्या आणि स्टँडवर ताटकळणाऱ्या प्रवाशांच्या छातीत जातो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोळ्यांना न दिसणारा हा वायू मोजायचा तर यंत्रावरच अवलंबून राहावे लागते.

कायद्याची चौकट सरळ आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११५ प्रमाणे नवी गाडी नोंदवल्यापासून एक वर्ष झाले की पीयूसी प्रमाणपत्र जवळ असावेच लागते. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना ते वर्षभर चालते, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिने. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्याबद्दल १० हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. जून २०२१ मध्ये केंद्राने देशभरासाठी एकाच नमुन्याचे, क्यूआर कोड असलेले प्रमाणपत्र ठरवले आणि नापास गाडीच्या हातात नकारपत्रही पडू लागले. कागद असा पक्का झाला. त्या कागदावरचे आकडे मात्र पेटीतूनच येतात.

पेटीच्या पोटात

सायलेन्सरच्या नळीत खुपसलेल्या प्रोबमधून धूर आत ओढला जातो. रबरी नळीतून तो आधी वॉटर ट्रॅपमध्ये येतो, कारण इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि नळीत थंड होऊन तिचे थेंब पडतात. पुढे काजळी आणि धूळ अडवणारे फिल्टर, त्यापुढे पंप. एवढा प्रवास करून स्वच्छ आणि कोरडा झालेला वायू एका लहान नळकांड्यात शिरतो. खरे मोजमाप इथे होते.

नळकांड्याच्या एका टोकाला अवरक्त किरणांचा छोटा दिवा असतो, दुसऱ्या टोकाला ते किरण टिपणारे संवेदक. प्रत्येक वायू या किरणांतला आपापला ठरलेला भाग गिळतो. कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटरच्या आसपासचा, कार्बन मोनॉक्साइड ४.६ ते ४.७ च्या दरम्यानचा, हायड्रोकार्बन ३.४ च्या जवळचा. संवेदकांसमोर त्या त्या तरंगलांबीच्या काचा बसवलेल्या असतात. जितका वायू जास्त, तितके किरण कमी पोहोचतात. चौथी काच साधारण ४ मायक्रोमीटरची. तिथले किरण यातला कोणताही वायू गिळत नाही, म्हणून दिवा म्हातारा झाला की काच मळली, हे तिच्यावरून कळते. ऑक्सिजन मात्र या किरणांना दाद देत नाही. त्याच्यासाठी वेगळा रासायनिक सेल असतो. ऑक्सिजन पोहोचला की त्यात थोडीशी वीज तयार होते.

वायू उष्णतेचे किरण शोषतात हे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी १८५९ पासून केलेल्या प्रयोगांत मोजून दाखवले. कारखान्यात सतत चालेल असे यंत्र या तत्त्वावर बनायला १९३८ साल उजाडले. जर्मनीत लेहरर आणि लुफ्ट या दोघांनी ते घडवले. आज सेंटरच्या टेबलावर मावणारी पेटी त्याच कुळातली आहे.

यातला एक मुद्दा पक्का लक्षात ठेवण्यासारखा आहे. यंत्राला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, दिसतो तो कमी झालेला उजेड. उजेड इतका घटला म्हणजे वायू इतका, हा हिशेब त्याच्या स्मरणात आधी भरून ठेवलेला असतो. दिव्याची शक्ती हळूहळू घटते, नळकांड्याच्या आतल्या भिंतीवर तेलकट थर चढतो, संवेदक तापमानाबरोबर बदलतो. उजेड या कारणांनीही घटतो आणि यंत्राला वाटते की वायू वाढला. कधी उलटही होते. हा सरकलेला हिशेब जागेवर आणणे म्हणजे कॅलिब्रेशन.

झिरो: यंत्र स्वतः करते ते काम

सकाळी सेंटर उघडून मशीन चालू केले की ते लगेच चाचणी घेत नाही. पडद्यावर वॉर्म-अपची वेळ उलट मोजली जाते. दिवा आणि नळकांडे ठरलेल्या तापमानाला येईपर्यंत यंत्र कुलूपबंद असते. ते थांबणे योग्यच, कारण थंड यंत्राचा आकडा सतत सरकत राहतो.

वॉर्म-अप संपले की पोटातली एक झडप खटकन फिरते. प्रोबकडून येणारी वाट बंद होते आणि यंत्र कोळशाच्या फिल्टरमधून साधी हवा आत घेते. काही सेकंद नळकांडे धुऊन निघते. मग यंत्र गृहीत धरते की आता आत कार्बन मोनॉक्साइड नाही, हायड्रोकार्बन नाही. या क्षणी संवेदकावर पडणारा उजेड म्हणजे शून्य, अशी नोंद ते करते. त्याच वेळी ऑक्सिजनचा सेल २०.९ टक्क्यांवर आणला जातो, कारण मोकळ्या हवेत ऑक्सिजन तेवढाच असतो. हे झाले ऑटो झिरो. काही यंत्रे ते दर चाचणीआधी करतात, काही ठरावीक वेळाने.

इथे सगळी भिस्त त्या साध्या हवेवर आहे. सेंटर छोट्या गाळ्यात असेल, शटर अर्धे ओढलेले असेल आणि दारात टेम्पो धूर सोडत उभा असेल, तर यंत्राने शून्य म्हणून घेतलेली हवा शून्य नसते. कोळसा हायड्रोकार्बन बराचसा धरून ठेवतो, पण कार्बन मोनॉक्साइड त्याच्यातून सरळ निघून जातो. समजा, गाळ्यातल्या हवेत ०.०४ टक्के कार्बन मोनॉक्साइड साचला आहे आणि यंत्राने त्यालाच शून्य मानले. पुढच्या प्रत्येक गाडीच्या आकड्यातून तेवढा वजा होणार. खरा ०.३३ असलेली गाडी ०.२९ दाखवून पास होईल. कोळसा जुना होऊन भरून गेला असेल तर हायड्रोकार्बनच्या बाबतीतही हेच होते. खरे २३५ भाग असताना ४० भाग वजा झाले की पडद्यावर १९५ दिसतात आणि २०० ची मर्यादा पाळली गेल्यासारखी वाटते. कोणी लबाडी केली नाही, बटण चुकीचे दाबले नाही, तरी चूक घडली.

म्हणून मशीन शून्यावर घेताना दारातली गाडी बंद करायला सांगणे, हवा घेणारी नळी खिडकीबाहेर मोकळ्या जागी सोडणे आणि कोळशाचा फिल्टर वेळेवर बदलणे ही कामे माणसालाच करावी लागतात.

यंत्र आपणहून करते अशा आणखी दोन तपासण्या आहेत. पहिली गळतीची. प्रोबच्या तोंडाला टोपण लावायचे, पंप आतली हवा खेचतो आणि यंत्र पाहते की तयार झालेली पोकळी टिकते का. नळीला बारीक चीर असेल तर धुराबरोबर बाहेरची हवा आत शिरते आणि धूर पातळ होतो. दहा भागांत एक भाग हवा मिसळली, तर ०.३३ चा कार्बन मोनॉक्साइड ०.३० च्या खाली दिसतो. दुसरी तपासणी नळीत उरलेल्या हायड्रोकार्बनची. आधीच्या गाडीचे न जळलेले पेट्रोल नळीच्या आतल्या बाजूला चिकटून बसते आणि पुढच्या गाडीच्या नावावर जमा होते. त्यासाठी यंत्र प्रोबमधून साधी हवा खेचून पाहते. हायड्रोकार्बनचा आकडा पुरेसा खाली उतरला नाही, तर ते पुढची चाचणी सुरू करत नाही. गळती वाईट गाडीला वाचवते, मळलेली नळी चांगल्या गाडीला अडकवते. दोन्हीत नुकसान सामान्य माणसाचेच.

स्पॅन: बाटलीशिवाय न होणारे काम

किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा रिकामा असताना शून्य दाखवतो. तेवढ्यावरून एक किलो साखर एक किलोच भरेल असे कोणी मानत नाही. त्यासाठी प्रमाणित वजन ठेवून पाहावे लागते आणि वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का लागतो. गॅस ॲनालायझरचे अगदी तसेच आहे. ऑटो झिरो फक्त रिकामा काटा तपासतो. ३.५ टक्के कार्बन मोनॉक्साइड आत सोडला तर पडद्यावर ३.५ च येतो का, हे पाहण्यासाठी ३.५ टक्के कार्बन मोनॉक्साइड असलेला वायूच लागतो. त्याला स्पॅन गॅस म्हणतात. तो सिलिंडरमध्ये येतो आणि सिलिंडरसोबत त्याचे प्रमाणपत्र येते. कार्बन मोनॉक्साइड इतका, कार्बन डायऑक्साइड इतका, प्रोपेन इतका, बाकी नायट्रोजन, भरल्याची तारीख, वापराची शेवटची तारीख, सगळे त्यावर लिहिलेले असते.

काम पुढे असे चालते. तंत्रज्ञ मेन्यूतून कॅलिब्रेशन निवडतो आणि सिलिंडरच्या प्रमाणपत्रावरचे आकडे यंत्रात भरतो. रेग्युलेटर उघडून वायू ठरलेल्या मंद दाबाने कॅलिब्रेशनच्या तोंडाला जोडतो. यंत्र आधी शून्य घेते, मग झडप फिरवून सिलिंडरचा वायू आत घेते. आकडा चढतो, थोडा डुलतो, स्थिरावतो. समजा तो ३.३६ वर थांबला आणि सिलिंडरवर ३.५० लिहिले आहे. यंत्र ३.५० ला ३.३६ ने भागते. येतो १.०४. यापुढे कार्बन मोनॉक्साइडच्या प्रत्येक आकड्याला ते १.०४ ने गुणेल. तारीख, वेळ आणि हा गुणक स्मरणात जातो आणि पडद्यावर काम पूर्ण झाल्याचा संदेश येतो. माणसाने पाना फिरवला नाही, स्क्रू पिळला नाही. जुन्या यंत्रांत हीच जुळणी स्क्रूड्रायव्हरने व्हायची आणि पिळणाऱ्याच्या हातावर ती अवलंबून असायची.

आकडा ३.३६ ऐवजी २.६० वर थांबला तर? गुणक १.३५ च्या आसपास जातो. अशा वेळी शहाणे यंत्र जुळवून घ्यायला नकार देते. एवढी तूट जुळवणीने झाकायची नसते. नळकांडे मळले आहे, दिवा थकला आहे किंवा कुठेतरी गळती आहे, असा त्याचा अर्थ. आधी दुरुस्ती, मग कॅलिब्रेशन. आपोआप होणाऱ्या जुळणीचा सर्वांत मोठा गुण हा नकारच आहे.

हायड्रोकार्बनच्या बाबतीत एक बारकावा नेहमी घात करतो. पडद्यावरचा आकडा हेक्झेन या हायड्रोकार्बनच्या मापात असतो, सिलिंडरमध्ये मात्र प्रोपेन असतो. कारण दाबाखाली हेक्झेन सिलिंडरच्या आत द्रवरूप होऊ लागतो आणि त्याचे प्रमाण भरवशाचे राहत नाही. प्रोपेन तसा बदलत नाही. पण सारख्याच प्रमाणातला प्रोपेन अवरक्त किरण हेक्झेनच्या साधारण निम्मेच गिळतो. म्हणून प्रत्येक यंत्राला एक रूपांतराचा गुणक दिलेला असतो, तो ०.५ च्या जवळपास असतो. सिलिंडरवर २००० भाग प्रोपेन असेल आणि गुणक ०.५०० असेल, तर पडद्यावर १००० यायला हवे. हा गुणाकार यंत्र स्वतः करते की भरणाऱ्याने करायचा, हे त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. गफलत होऊन अपेक्षित आकडा २००० धरला गेला, तर पुढच्या कॅलिब्रेशनपर्यंत प्रत्येक गाडीचे हायड्रोकार्बन दुप्पट दिसतील आणि निर्दोष गाड्या नापास होऊन गॅरेजच्या खेपा घालत राहतील.

धाराशिवची उंची, धाराशिवचे ऊन

धाराशिव शहर बालाघाटच्या डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर आहे. इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने साडेसात टक्क्यांच्या आसपास कमी असतो. त्याचा यंत्राशी थेट संबंध आहे. दाब कमी म्हणजे त्याच नळकांड्यात वायूचे कण कमी, आणि कण कमी म्हणजे किरण कमी गिळले जातात. मुंबईत समुद्रकाठी जुळवलेले यंत्र दाबाची दुरुस्ती न करता धाराशिवला आणून ठेवले, तर खरा ०.३२ टक्के असलेला कार्बन मोनॉक्साइड ते ०.३० च्या किंचित खाली दाखवील. नापास व्हायची गाडी पास. ऑक्सिजनच्या सेललाही दाबाचा हाच नियम लागू आहे.

चांगल्या यंत्रात दाब मोजणारा संवेदक असतो आणि तो ही दुरुस्ती आपोआप करतो. तरी जिथे यंत्र रोज चालणार तिथेच, त्याच टेबलावर स्पॅन गॅस सोडून पाहिला की उंचीचा प्रश्न मुळातूनच मिटतो. कारखान्यातून कॅलिब्रेट होऊन आलेले मशीन धाराशिवच्या गाळ्यात पुन्हा एकदा तपासायला हवे, याचे कारण हे आहे.

उन्हाळ्यात मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या गाळ्यात तर त्याहून वर. यंत्राला चालण्यासाठी तापमानाची हद्द ठरवून दिलेली असते. ती ओलांडली की शून्यही सरकतो आणि स्पॅनही. वीज गेली आणि परत आली की वॉर्म-अप पहिल्यापासून. महामार्गाच्या कडेची धूळ फिल्टर लवकर भरते आणि भरलेल्या फिल्टरमुळे पंपाला पुरेसा धूर मिळत नाही. ऑक्सिजनचा सेल तर वापरा किंवा ठेवून द्या, एक-दोन वर्षांत कमजोर होतोच. यंत्र त्याला दर सकाळी २०.९ वर ओढून आणते. ओढायला ताकद उरली नाही की चूक दाखवून थांबते.

खरी अडचण पुढची आहे. स्पॅन गॅसचा सिलिंडर आणि तो वापरणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ मोठ्या शहरातून येतो. पुणे इथून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. दुचाकीच्या पीयूसीला मिळणाऱ्या थोड्या पैशांत गाळ्याचे भाडे, वीज, इंटरनेट, देखभालीचा करार आणि कॅलिब्रेशन हे सगळे बसवायचे असते. परंडा किंवा लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी दिवसाला येणाऱ्या गाड्या मोजक्याच. अशा ठिकाणी कॅलिब्रेशन लांबणीवर टाकण्याचा मोह होतो, आणि त्यातच ऑटो झिरो रोज बिनचूक झाल्याचा हिरवा संदेश पडद्यावर दिसत असतो. मशीन ठीक आहे असे त्या संदेशावरून मानणे ही फसवणूक आहे. ती बहुतेकदा अजाणता होते, पण होते.

डिझेलची गोष्ट वेगळी

उसाचा ट्रक किंवा एसटी पीयूसीला आली की गॅस ॲनालायझर बाजूला राहतो आणि स्मोक मीटर पुढे येतो. इथे वायू मोजत नाहीत, काळा धूर किती उजेड अडवतो ते मोजतात. इंजिन मोकळे असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि त्या क्षणी उसळणारा धूर ४३ सेंटिमीटर लांबीच्या नळकांड्यात घ्यायचा. बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांना मर्यादा आहे ५० हार्ट्रिज एककांची, म्हणजे धुराने निम्म्याहून जास्त उजेड अडवता कामा नये. त्याआधीच्या गाड्यांना ६५ एककांची. हेच आकडे प्रति मीटर १.६२ आणि २.४५ असेही लिहिले जातात. दोन्ही मापे एकाच गोष्टीची आहेत, फक्त दुसऱ्यात नळकांड्याची लांबी हिशेबातून काढून टाकली आहे.

स्मोक मीटरची आपोआप होणारी जुळणी सोपी आहे. स्वच्छ हवेत उजेड पूर्ण पोहोचला की शून्य, दिवा विझला की शंभर. मधली तपासणी मात्र इथेही बाहेरून आणलेल्या प्रमाणावर चालते. ठरलेला उजेड अडवणारी करड्या रंगाची प्रमाणित काच मध्ये धरायची आणि यंत्र तोच आकडा दाखवते का ते पाहायचे. सिलिंडरच्या जागी काच आली, एवढाच फरक.

जिल्ह्यातला ऊस आणि यंत्रातले समीकरण

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. ते इथेनॉल ज्या साखरपट्ट्यांत तयार होते त्यांत धाराशिव जिल्हाही आहे. ढोकी, रांजणी, चोराखळी ही नावे साखर कारखान्यांमुळे राज्यभर माहीत झाली. या मिश्रणाचा पीयूसी यंत्राशी काय संबंध?

बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांत लॅम्डा नावाचा आकडाही तपासतात. इंधन पूर्ण जळायला जेवढी हवा लागते तेवढीच मिळाली तर लॅम्डा १ येतो. मुभा आहे ०.९७ ते १.०३ पर्यंत. यंत्र लॅम्डा थेट मोजत नाही. कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोकार्बन आणि ऑक्सिजन या चार आकड्यांवरून तो हिशेबाने काढते. हे समीकरण बॉश कंपनीतल्या योहानेस ब्रेटश्नायडर यांनी १९७९ मध्ये मांडले. त्यात इंधनातल्या कार्बनशी हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे प्रमाण धरलेले असते. शुद्ध पेट्रोलमध्ये ऑक्सिजन जवळपास नसतो, इथेनॉलमध्ये मात्र वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त असतो. इंधन बदलले की समीकरणातली ही संख्याही बदलायला हवी. सिलिंडर कितीही अचूक असला तरी ही चूक स्पॅनमध्ये सापडणार नाही. ती यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये सुधारावी लागते. चारपैकी एक आकडा घसरला की लॅम्डाही घसरतो, म्हणून थकलेला ऑक्सिजन सेल इथे सर्वांत जास्त नडतो.

सिलिंडर खरा कशावरून?

यंत्र सिलिंडरवर विश्वास ठेवते. मग सिलिंडरवरचा आकडा कोणी ठरवला? वायूचे प्रमाणित मिश्रण करण्याची सर्वांत भरवशाची रीत वजनाची आहे. रिकामा सिलिंडर अतिशय अचूक तराजूत तोलतात, एकेक वायू भरून पुन्हा तोलतात आणि वजनांवरून प्रमाण काढतात. या साखळीच्या वरच्या टोकाला दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आहे. देशातला मीटर, किलोग्रॅम आणि सेकंद जिथे सांभाळला जातो, तीच ही संस्था. तिच्या प्रमाणाशी दुवा जोडलेल्या प्रयोगशाळा व्यापारी सिलिंडर तपासतात, सिलिंडर पीयूसी यंत्राला तपासतो आणि यंत्र गाडीला. यंत्राच्या मूळ रचनेला आधीच मान्यता घ्यावी लागते. हे काम करणाऱ्या संस्थांत पुण्याच्या वेताळ टेकडीवरची, १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, अग्रणी आहे. वॉर्म-अपचे कुलूप, गळतीची तपासणी, ऑटो झिरो या गोष्टी यंत्रात असल्याच पाहिजेत, हे त्या मान्यतेच्या नियमांतूनच आले.

साखळीतला एक दुवा तुटला की खालचे सगळे आकडे सैल होतात. मुदत संपलेला सिलिंडर, जवळपास रिकामा झाल्याने दाब न धरणारा सिलिंडर, प्रमाणपत्र हरवल्याने अंदाजाने भरलेला आकडा, यातले काहीही यंत्राला कळत नाही. ते दिलेला आकडा खरा मानून मुकाट जुळवून घेते. आपोआप होणाऱ्या कॅलिब्रेशनची हद्द इथे संपते.

हीच गोष्ट कारखान्यांच्या धुराड्यांनाही लागू आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये १७ प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना चोवीस तास चालणारी ऑनलाइन मोजणी यंत्रे बसवायला सांगितले. साखर कारखाने आणि आसवन्या त्यांत येतात. धुराड्यावरचे असे यंत्र माणूस शेजारी नसताना दिवसरात्र चालते, म्हणून तिथे आपोआप शून्य घेण्याची गरज पीयूसी सेंटरहूनही जास्त. आणि प्रमाणित संदर्भाशी पडताळून पाहण्याची गरज दोन्हीकडे सारखीच.

पुन्हा पीयूसी सेंटरकडे वळू. गाडीमालकाला तिथले बरेच काही पाच मिनिटांत पाहता येते. प्रोब सायलेन्सरमध्ये नीट खोल घातला की नुसता तोंडाशी टेकवला? मशीन शून्य घेत होते तेव्हा दारात दुसरी गाडी चालू होती का? इंजिन गरम झाल्यावर चाचणी घेतली की थंड असतानाच? पेट्रोल गाडीच्या आकड्यांत कार्बन डायऑक्साइड किती दिसतो? धडधाकट पेट्रोल इंजिनात तो साधारण १३ ते १५ टक्के असतो. तो ७-८ वर आला असेल, तर बहुधा धुरात बाहेरची हवा मिसळते आहे आणि बाकीचे आकडेही विश्वासाचे नाहीत. शेवटचे स्पॅन कॅलिब्रेशन कधी झाले, हे विचारण्यात संकोच करण्यासारखे काही नाही. चांगला सेंटरचालक प्रमाणपत्र काढून दाखवतो, कारण त्यावर खर्च त्यानेच केलेला असतो.

जिल्ह्याच्या पातळीवर करता येण्यासारखे कामही अवघड नाही. प्रत्येक सेंटरने कॅलिब्रेशनची तारीख, सिलिंडरची मुदत आणि पुढची तारीख दर्शनी भिंतीवर लावावी. परिवहन खात्याच्या तपासणी पथकाने सोबत एक प्रमाणित सिलिंडर बाळगावा, सेंटरवर अचानक पोहोचून तोच वायू यंत्रात सोडावा आणि पडद्यावरचा आकडा सिलिंडरच्या प्रमाणपत्राशी ताडून पाहावा. दहा-पंधरा मिनिटांत निकाल हातात येतो. आठ तालुक्यांतल्या जवळजवळच्या सेंटरांच्या फेऱ्या एकत्र लावल्या, तर एकाच तंत्रज्ञाला परंड्यापासून उमरग्यापर्यंतची मशीन दोन-चार दिवसांत तपासता येतील आणि छोट्या गावातल्या सेंटरचालकाचा खर्चही वाटला जाईल. याची सुरुवात गळीत हंगामाच्या तोंडावर करावी, कारण त्यानंतरचे चार-पाच महिने जिल्ह्याच्या रस्त्यांवर धूर सर्वांत जास्त असतो.